जॉन मेरिवेदर आणि एलटीसीएम : हेज फंड मॅनेजरचं करिअर नेमकं कशावर उभं असतं?

रोखेबहाद्दर (धागाकर्ता)

एलटीसीएमचा (लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट, १९९८ मध्ये बुडालेला अमेरिकी हेज फंड, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे उधारीची जोड देऊन खेळवणारा खासगी फंड) विषय निघाला की चर्चा दोन नोबेलवाल्यांपाशी जाऊन अडकते. मायरन शोल्स, रॉबर्ट मर्टन, १९९७ चं नोबेल आणि वर्षाच्या आत फंड गाळात. "गणित चुकलं" म्हणून सगळे मोकळे होतात. फंड ज्याने काढला त्या जॉन मेरिवेदरच्या करिअरकडे नीट पाहिलं तर वेगळं चित्र दिसतं. या माणसाची खरी कारागिरी उधारीच्या अटी ठरवण्यात होती. फंड वर गेला तो त्या अटींमुळे, आणि बुडालाही त्यांच्यामुळेच.

आधी धावता आलेख. जन्म १९४७, शिकागोच्या दक्षिण भागातलं मध्यमवर्गीय घर. गोल्फ क्लबवर कॅडीचं काम, कॅडी मुलांसाठी असलेल्या इव्हान्स शिष्यवृत्तीवर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ, मग वर्षभर शाळेत गणित शिकवणं. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठातून एमबीए, १९७४ पासून सॉलोमन ब्रदर्स ही वॉल स्ट्रीटची गुंतवणूक बँक. १९७७ च्या सुमारास तिथे त्याने रोख्यांच्या आर्बिट्राजचा (जवळपास सारख्याच रोख्यांच्या भावांतल्या फरकावर कमावण्याचा) स्वतंत्र गट उभा केला.

१९७९ मधला प्रसंग माझ्या मते सगळ्या करिअरची किल्ली आहे. जे. एफ. एक्स्टाइन नावाचा एक ट्रेडर ट्रेझरी बिलं (अमेरिकी सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं) आणि त्यांचे वायदे यांच्या भावांतला फरक मिटेल या हिशोबाने मोठे सौदे करून बसला होता. फरक मिटायच्या ऐवजी वाढत गेला, मार्जिनचे (तोटा झाला की आणखी अनामत भरण्याचे) तगादे सुरू झाले, पैसे संपले. तो सॉलोमनच्या दारात आला. मेरिवेदरने भागीदारांना पटवून त्याचे सगळे सौदे कंपनीच्या नावावर घेतले. आधी तोटा आणखी वाढला, नंतर फरक मिटला आणि सॉलोमनने भरपूर कमावलं. एक्स्टाइनचा अंदाज बरोबर होता. त्याच्याकडे फक्त थांबायची ऐपत नव्हती, आणि ती सॉलोमनकडे होती.

मग १९८० च्या दशकात मेरिवेदरने एरिक रोझेनफेल्ड, लॅरी हिलिब्रँड, व्हिक्टर हघानी, ग्रेग हॉकिन्स अशी अभ्यासकी डोकी गोळा केली. १९९१ मध्ये त्याच्या हाताखालच्या पॉल मोझरने ट्रेझरी लिलावात ग्राहकांच्या नावाने खोट्या बोली लावल्याचं उघड झालं. एका बोलीदाराला ३५ टक्क्यांची मर्यादा होती, ती चुकवण्यासाठी. मोझरने एप्रिलमध्येच सांगितलं होतं, मेरिवेदरने ते लगेच वरिष्ठांच्या कानावर घातलं, पण सरकारला कळवायला वरच्यांनी ऑगस्ट उजाडू दिला. मेरिवेदरला राजीनामा द्यावा लागला. पुढे ५०,००० डॉलर दंड आणि ३ महिन्यांची बंदी यावर त्याचं प्रकरण मिटलं. १९९४ च्या फेब्रुवारीत तो १.२५ अब्ज डॉलर घेऊन पुन्हा उभा राहिला. कनेटिकटमधलं ग्रिनिच गाव, फंडाचं नाव लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट.

चाफेकळी

उत्तम सुरुवात. पण "फरक मिटण्यावर सौदा" हे आकड्यांत मांडाल का? "नव्या-जुन्या ३० वर्षांच्या रोख्यांचा सौदा" हे वाक्य प्रत्येक लेखात असतं, त्यापुढे कोणीच जात नाही.

रोखेबहाद्दर

मांडतो. आकडे सोपे करून घेतलेत, प्रमाण खरं आहे.

अमेरिकी सरकारने ३० वर्षांचा नवा रोखा काढला की सगळे तोच विकत घेतात, कारण त्याची उलाढाल सर्वाधिक. सहा महिन्यांपूर्वीचा रोखा आता साडेएकोणतीस वर्षांचा झालेला असतो. देणेकरी तोच, धोका तोच, पण गिऱ्हाईक कमी, म्हणून किंचित स्वस्त. समजा जुन्याचा परतावा १२ बेसिस पॉइंटने जास्त आहे, म्हणजे ०.१२ टक्के.

१ अब्ज डॉलरचा जुना रोखा घ्यायचा, तितकाच नवा शॉर्ट करायचा, म्हणजे उसना आणून विकायचा. व्याजदर एकंदर वर जावोत की खाली, दोन्ही बाजू जवळपास सारख्याच हलतात. या मुदतीच्या १ अब्जाच्या रोख्यांत १ बेसिस पॉइंट म्हणजे साधारण १२ लाख डॉलर. सहा महिन्यांनी आणखी नवा रोखा येतो, आपण शॉर्ट केलेलाही जुना होतो आणि फरक समजा १२ वरून ४ वर येतो. ८ गुणिले १२ लाख, ९६ लाख डॉलर सुटले.

सगळे खिशात जात नाहीत. शॉर्ट करायला नवा रोखा कोणाकडून तरी उसना आणावा लागतो. त्याला मागणी जास्त असल्याने आपण त्यापोटी ठेवलेल्या रोकडीवर व्याज कमी मिळतं. समजा अर्धा टक्का कमी. १ अब्जावर सहा महिन्यांचे २५ लाख गेले. उलट जुन्या रोख्याचा परतावा थोडा जास्त असल्याने ६ लाख आले. हातात ७७ लाख. १ अब्जाच्या उलाढालीवर पाऊण टक्का! स्वतःचा पूर्ण पैसा घालून हा धंदा कोणी करणार नाही. त्यामुळे उधारी हा या धंद्याचा पायाच आहे.

तळटीप

उधारी कशी, ते मी लिहितो, कारण धाग्याचा मुद्दा तिथेच आहे.

रेपोमध्ये रोखा देऊन रोकड घ्यायची आणि ठरल्या तारखेला ठरल्या किमतीला तोच रोखा सोडवून घ्यायचा. १०० चा रोखा ठेवून ९८ मिळाले तर २ हा हेअरकट. वरच्या सौद्यात दोन्ही बाजूंना २ टक्के हेअरकट धरला तर २ + २ कोटी, म्हणजे ४ कोटी डॉलर स्वतःचे अडकतात. त्यावर सहा महिन्यांत ७७ लाख, म्हणजे १९ टक्के. उत्तम धंदा. पण मर्यादा स्पष्ट आहे. १०० कोटी भांडवल असेल तर असे पंचवीसच सौदे करता येतील.

मेरिवेदरच्या मंडळींनी बहुतेक ठिकाणी हेअरकट शून्याच्या आसपास आणला. बँका तयार झाल्या, कारण एलटीसीएमचं गिऱ्हाईक हातचं घालवायचं नव्हतं, आणि प्रत्येक बँकेला वाटायचं की यांच्या सौद्यांवरून बाजाराचा अंदाज येतो. हेअरकट शून्य झाला की किती सौदे करायचे हे ठरवणारं बाहेरचं कोणी उरत नाही. उरतं ते स्वतःचं जोखीम-मॉडेल. मॉडेलमध्ये खोट आहे का, हा प्रश्न यानंतर येतो.

दुसरी सवय म्हणजे सौद्याची एक बाजू एका बँकेकडे, दुसरी दुसरीकडे. कोणालाच पूर्ण डाव दिसू नये म्हणून. त्याची किंमत नंतर मोजावी लागली. ज्या बँकेकडे तोट्याची बाजू तिला रोज तारण द्यायचं, आणि नफ्याची बाजू जिच्याकडे तिच्याकडून वेगळं वसूल करायचं. दोन्हींची आपसात वजावट होत नाही. शांत दिवसांत हा फक्त हिशोबनीसांचा ताप असतो. घबराटीत तोट्यावाली बँक भाव फुगवून तारण मागते आणि नफ्यावाली कमी भाव लावते.

बेसावध होते असं मात्र नाही. गुंतवणूकदारांचे पैसे ३ वर्षं बांधून घेतले होते. रेपोसुद्धा शक्य तिथे रात्रीपुरता न घेता काही महिन्यांच्या मुदतीचा घ्यायचे.

घाटमाथा

थोडं असहमत. रेपो-हेअरकटची कहाणी आकर्षक आहे, पण तोट्याचा ताळेबंद वेगळं बोलतो. एकूण तोटा साधारण ४.६ अब्ज डॉलर. त्यात स्वॅप स्प्रेडमध्ये (स्वॅप म्हणजे व्याजदरांच्या अदलाबदलीचे करार, त्यांच्या आणि सरकारी रोख्यांच्या दरांतला फरक) १.६ अब्ज, शेअर निर्देशांकांच्या व्होलॅटिलिटीत (भाव किती हेलकावतील याच्या अंदाजात) १.३ अब्ज. रशिया आणि इतर उदयोन्मुख देश मिळून ०.४३ अब्ज. "रशियाने बुडवलं" म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. तुमच्या आवडत्या नव्या-जुन्या रोख्यांच्या जातीचे सौदे तर यादीत बरेच खाली आहेत.

व्होलॅटिलिटीचा सौदा असा. युरोपातल्या बँका सामान्य लोकांना "मुद्दल सुरक्षित, शेअर वाढले तर वाटा" अशा योजना विकत होत्या. त्या झाकायला त्यांना ५ वर्षांचे ऑप्शन (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क) हवे असायचे आणि विकणारा कोणी नसायचा. बाजार १९-२० टक्के व्होलॅटिलिटी गृहीत धरून भाव देत होता, इतिहासातली सरासरी १५ च्या आसपास. एलटीसीएमने विकायला सुरुवात केली आणि विकतच राहिलं. अमेरिकेत दर १ टक्क्यामागे सुमारे ४ कोटी डॉलर, युरोपात जवळपास तेवढेच. सप्टेंबर १९९८ मध्ये आकडा ३० पार गेला. आता ११ गुणिले ८ कोटी करून बघा.

इथे रेपोचा संबंधच नाही. सौदा आपल्या ऐपतीच्या मानाने अवाढव्य होता, इतकंच.

रोखेबहाद्दर

@घाटमाथा, आकडे मान्य. पण तो तोटा प्रत्यक्षात आला कसा? ५ वर्षांच्या ऑप्शनचा निकाल ५ वर्षांनी लागतो. पाच वर्षं व्होलॅटिलिटी खरोखर ३० च्या वर राहील असं तेव्हाही फारसं कोणाला वाटत नव्हतं. पण करारात रोजच्या भावाने तारण द्यायचं होतं, आणि असे भाव देणारे डीलर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना माहीत होतं की एलटीसीएमला कधीतरी हेच ऑप्शन परत घ्यावे लागणार. मग ते भाव कशाला उतरवतील? म्हणजे फिरून मुद्दा उधारीच्या अटींवरच आला. सौद्याचा आकार मात्र अक्षम्य होता, त्यात दुमत नाही.

कापूसकोंड्या

१९९८ चा क्रम एका जागी ठेवतो.

डिसेंबर १९९७: हातातलं भांडवल ७ अब्जांच्या वर. फी वजा जाता परतावा १९९४ मध्ये २०, १९९५ मध्ये ४३, १९९६ मध्ये ४१, १९९७ मध्ये १७ टक्के. करायला चांगले सौदे उरले नाहीत म्हणून बाहेरच्या गुंतवणूकदारांना २.७ अब्ज परत केले. भांडवल ४.७ अब्ज, मालमत्ता १२९ अब्जांच्या घरात. भागून पाहा, २७ पट. पैसे परत केले नसते तर १७ पट असते. सौदे तेवढेच ठेवून भांडवल कमी करणं हा सगळ्या कहाणीतला सर्वांत महागडा निर्णय, आणि तो चांगल्या वर्षानंतर, शांत डोक्याने घेतलेला. ज्यांना जबरदस्तीने पैसे परत मिळाले ते तेव्हा चिडले होते.

मे आणि जून: अनुक्रमे सुमारे ६ आणि १० टक्के तोटा.

जुलै: ट्रॅव्हलर्स या वित्तसमूहाने विकत घेतलेल्या सॉलोमनने आपला अमेरिकी रोख्यांचा आर्बिट्राज विभाग बंद केला. म्हणजे मेरिवेदरनेच उभा केलेला गट, त्याच जातीचे सौदे, आता बाजारात विक्रीला. रशियाच्या आधीच पाणी मुरायला लागलं होतं ते असं.

१७ ऑगस्ट: रशियाने रूबलचं अवमूल्यन केलं आणि देशांतर्गत कर्जाची फेड थांबवली. सगळे सुरक्षित आणि सहज विकता येणाऱ्या रोख्यांकडे धावले, आणि एलटीसीएमने नेमकं तेच शॉर्ट केलेलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार: एका दिवसात ५५.३ कोटी डॉलर गेले. फंडाच्या मॉडेलनुसार एका दिवसाचा सर्वसाधारण चढउतार ४.५ कोटींचा. म्हणजे बारा पटींहून जास्त.

ऑगस्टअखेर: महिन्याचा तोटा ४४ टक्के, भांडवल २.३ अब्जांवर. २ सप्टेंबरला मेरिवेदरचं गुंतवणूकदारांना पत्र गेलं. आणखी पैसे उभे करायची खटपट होती, पण पत्र लगेच फुटलं आणि आकडे सगळ्या वॉल स्ट्रीटला कळले. पैसे मागायला जायचं तर वही (हातातल्या सगळ्या सौद्यांची यादी) दाखवावी लागते, आणि वही दाखवली की समोरचा आपल्याआधी विकून मोकळा होतो.

२३ सप्टेंबर: गुंतवणूकदार वॉरन बफे, गोल्डमन बँक आणि एआयजी ही विमा कंपनी यांनी २५ कोटींत फंड घेऊन वर ३.७५ अब्ज घालायची तयारी दाखवली. उत्तर द्यायला तासाभराचीच मुदत होती, आणि ते जमलं नाही. न्यूयॉर्क फेडच्या (अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेच्या) इमारतीत बँकांची बैठक झाली. १४ संस्थांनी ३.६२५ अब्ज घालून ९० टक्के हिस्सा घेतला. अकरा जणांचे प्रत्येकी ३० कोटी, सोसिएते जनरालचे १२.५, लेहमन आणि पारिबाचे १०-१०. सौद्यांची उलाढाल जिच्यामार्फत व्हायची त्या बेअर स्टर्न्सने हात वर केले. फेडने स्वतःचा एक डॉलरही घातला नाही.

चाफेकळी

२७ पटींच्या हिशोबात डेरिव्हेटिव्ह (स्वॅप, वायदे, ऑप्शन असे करार) धरले आहेत का? १.२५ लाख कोटी डॉलर असा काहीतरी आकडा वाचलाय.

तळटीप

नाहीत. २७ पट ही फक्त ताळेबंदावरची मालमत्ता भागिले भांडवल. १.२५ लाख कोटी ही स्वॅप, वायदे आणि ऑप्शन यांची दर्शनी रक्कम, त्याच्या बाहेरची. पण त्या आकड्याने फार दचकू नका. जुना स्वॅप मोडायचा असेल तर पैसे देऊन रद्द करण्यापेक्षा उलट दिशेचा नवा स्वॅप करणं सोपं पडायचं. जोखीम कटते, दर्शनी रक्कम मात्र दुप्पट होते. वर्षानुवर्षांचे असे थर त्यात आहेत. अर्थात दुसरी बाजू बुडाली की हे कटलेले सौदे पुन्हा उघडे पडतात, आणि फेडला धास्ती याचीच होती.

चाफेकळी

आणि मॅनेजर मंडळींचं स्वतःचं? फी किती, किती गमावलं?

तळटीप

बहुतेक फंड १ टक्का व्यवस्थापन फी आणि नफ्यात २० टक्के घ्यायचे. एलटीसीएमने २ आणि २५ लावले, वर किमान गुंतवणूक १ कोटी डॉलर. ५ अब्जांचा फंड, ४० टक्के नफा असं वर्ष धरा. १० कोटी ठरलेले, ५० कोटी नफ्यातले. ते भागीदारांनी बाहेर काढलेच नाहीत, फंडातच वाढू दिले. शेवटाला भागीदारांचे सुमारे १.९ अब्ज गेले. काही जणांनी फंडात घालायला वैयक्तिक कर्जंही काढली होती, म्हणजे उधारीच्या फंडात उधारीचं भांडवल.

यूबीएस या स्विस बँकेचा सौदा तर धड्यात लावण्यासारखा आहे. भागीदारांना फंडातला हिस्सा वाढवायचा होता आणि कर भांडवली नफ्याच्या कमी दराने भरायचा होता. यूबीएसने त्यांना ८० कोटी डॉलरच्या हिश्शावर ७ वर्षांचा कॉल ऑप्शन (ठरल्या भावाने विकत घेण्याचा हक्क) विकला, प्रीमियम सुमारे २९ कोटी. आपली बाजू झाकायला बँकेने ८० कोटींचा हिस्सा खरोखरच विकत घेतला आणि वर आणखी २६.६ कोटी घातले. शेअरवरचा ऑप्शन झाकताना भाव पडत गेला की शेअर विकत सुटता येतं. इथे विकायला बाजारच नव्हता. बँकेच्या अध्यक्षांना ऑक्टोबरमध्ये जावं लागलं.

घाटमाथा

यापुढचा भाग फारसं कोणी वाचत नाही, पण "करिअर" म्हणाल तर तोच महत्त्वाचा. बँकांच्या देखरेखीखाली सौदे शांतपणे उलगडले, १९९९ संपेपर्यंत बँकांचे पैसे परत आले. तोवर मेरिवेदरने जेडब्ल्यूएम पार्टनर्स काढलेला! जवळपास तीच माणसं, तेच डावपेच, उधारी कमी. २००७ च्या सप्टेंबरपासून २००९ च्या फेब्रुवारीपर्यंत त्याचा मुख्य फंड ४४ टक्के घसरला आणि २००९ मध्ये बंद झाला. २०१० मध्ये तिसरा, जेएम अॅडव्हायझर्स.

असं का होतं त्याचं उत्तर हाय-वॉटर मार्कमध्ये आहे. १०० चे ५६ झाले तर पुन्हा १०० होईपर्यंत नफ्यातला वाटा मिळत नाही. ५६ चे १०० व्हायला ७८.६ टक्के लागतात. वर्षाला १० टक्के धरले तर सहा वर्षांहून जास्त. तोवर नुसत्या २ टक्क्यांवर, तेही निम्म्या उरलेल्या रकमेच्या, चांगली माणसं टिकवता येत नाहीत. म्हणून फंड बंद करायचा आणि पाटी पुसून नवा काढायचा. नैतिकदृष्ट्या काहीही म्हणा, हिशोब हा असा आहे.

आज मोठ्या फंडांत हे एकट्याचं साम्राज्य मागे पडलंय. अनेक छोट्या टोळ्या, प्रत्येकीला ठरावीक भांडवल. साधारण ५ टक्के तोटा झाला की भांडवल निम्मं, ७-८ टक्क्यांना दार दाखवतात. अशा घरात मेरिवेदरचा कुठलाही सौदा ऑगस्टपर्यंतही टिकला नसता. तोटा छोटा राहिला असता, पण फरक मिटायची वाट बघणारंही कोणी उरलं नसतं. वरिष्ठ मॅनेजरचा निम्मा दिवस आता तोटा, मार्जिन आणि प्राइम ब्रोकरशी (फंडाला उधारी देणाऱ्या आणि त्याचे सौदे सांभाळणाऱ्या बँकेशी) बोलण्यात जातो.

कापूसकोंड्या

आपल्याकडे असं काही उभं राहू शकतं का? दलाल स्ट्रीटवर "हेज फंड" शब्द सर्रास ऐकू येतो.

रोखेबहाद्दर

२७ पटींनी तर नाहीच. भारतात हा प्रकार सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली, एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) तिसरी श्रेणी. एकूण एक्स्पोजर (सौद्यांचा एकत्रित आकार) एनएव्हीच्या, म्हणजे फंडाच्या निव्वळ मालमत्ता मूल्याच्या, २ पटींपर्यंतच, ते मोजताना खरोखरचं हेजिंग (जोखीम झाकणारे उलटे सौदे) वजा धरता येतं. गुंतवणूकदाराचे किमान १ कोटी, योजनेचा निधी किमान २० कोटी, एका योजनेत जास्तीत जास्त १,००० गुंतवणूकदार. प्रायोजक किंवा मॅनेजरला स्वतःचे ५ टक्के किंवा १० कोटी, जे कमी असेल ते, सतत ठेवावे लागतात. फी माफ करून ते दाखवता येत नाहीत, रोख घालावे लागतात. आयकर फंडाच्या पातळीवरच कापला जातो, त्यामुळे जाहिरातीतला परतावा करपूर्व आहे की करोत्तर हे आधी विचारा. टीममधल्या प्रमुख व्यक्तीला एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) परीक्षा लागते.

सरकारी रोख्यांतला फरक २ पटींत खेळायचा तर ७७ लाखांचं वरचं गणित जुळतच नाही, म्हणून इथले फंड बहुतेक शेअर आणि वायद्यांत. शॉर्ट करायला मुख्यतः वायदेच, कारण शेअर उसने मिळण्याचा बाजार तुटपुंजा. १० लाखांपासूनचा नवा मार्ग एप्रिल २०२५ पासून एसआयएफचा (स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड), म्युच्युअल फंड घराण्यांमार्फत. त्यात न झाकलेला शॉर्ट निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत.

तळटीप

पुरवणी. तिसऱ्या श्रेणीचं माहितीपत्रक हातात आलं तर डावपेचांची रंगीत पानं नंतर वाचा. आधी चार गोष्टी शोधा: पैसे काढायची मुदत आणि एका वेळी किती टक्के काढता येतात, हाय-वॉटर मार्क कायमचा आहे की दर वर्षी नव्याने मोजतात, एनएव्ही कोण काढतं, मॅनेजर की स्वतंत्र प्रशासक, आणि गुंतवणूकदारांची पैसे काढायची मुदत मालमत्ता विकायला लागणाऱ्या वेळेशी जुळते का. ओपन-एंडेड योजना फक्त याच श्रेणीत चालते, त्यामुळे चौथा प्रश्न इथेच सर्वांत जास्त टोचतो. महिन्याची मुदत आणि आत स्मॉलकॅप असं दिसलं तर मॅनेजरला थेट विचारा की एकाच महिन्यात ३० टक्के लोकांनी पैसे मागितले तर काय विकणार, आणि किती दिवसांत.